भैरोबाच्या फेट्यातले तीन तारे

आमच्या क्रीडाशिक्षक संघाची स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात काहीतरी ऐतिहासिक हवं, असं ठरलं. ठरल्याबरोबर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांना लिहायचा कंटाळा आणि मला नाही म्हणायचा, एवढीच माझी पात्रता. मी बारामतीच्या एका शाळेत खेळ शिकवते. नाव राजलक्ष्मी, पण मुलं पाठीमागे शिट्टीबाई म्हणतात. विषय मिळाला राष्ट्रीय शारीरिक क्षमता पुरस्काराचा इतिहास.

इतिहास तसा सरळ आहे. १९६०च्या आसपास दिल्लीतल्या मोठ्या लोकांना वाटलं की देश स्वतंत्र झाला, आता तो धडधाकटही व्हायला हवा. म्हणून एक मोहीम निघाली. पळायचं, उडी मारायची, गोळा फेकायचा. वयाप्रमाणे मोजमापं ठरलेली, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. शाळेत असायलाच हवं अशी अट नव्हती, कोणीही यावं. पास झालात की दर्जाप्रमाणे एक तारा, दोन तारे किंवा तीन ताऱ्यांचा बिल्ला. पुढे योजनेचं नाव बदललं, खातं बदललं, मोजमापं बदलली आणि बिल्ले कुठल्या कपाटात राहिले ते कपाटालाच ठाऊक. आता आम्ही मुलांना पळवतो आणि आकडे मोबाईलच्या ॲपमध्ये भरतो. नेट नसलं की पळालेलं मूलही पळालं नाही असं धरतात. यावर मी लेखात एक परिच्छेद लिहिला होता, तो संपादकांनी काढून टाकला.

माझी अडचण वेगळी होती. योजना होती, साल होतं, पण माणूस नव्हता. ज्याच्या छातीवर तो बिल्ला लागला असा एक तरी जिवंत माणूस मला लेखात हवा होता. बारामतीत एक निवृत्त बँकवाले भेटले. त्यांना एक तारा मिळाला होता, पण घर बदलताना हरवला. भिगवणच्या एका गृहस्थांना दोन तारे मिळाले होते. बायकोने जुन्या कपड्यांच्या खिशासकट ते बोहारणीला दिले आणि पातेलं घेतलं. पातेलं अजून आहे, असं ते म्हणाले. तीन ताऱ्यांचा माणूस काही सापडेना. मी लेख तसाच उरकायचा ठरवला आणि दिपालीकडे चीक आणायला गेले.

दिपाली आमच्या शाळेत मराठी शिकवते आणि माळेगावात राहते. त्यांची म्हैस व्याली की चिकाचा पहिला मान माझा, हे आमचं जुनं ठरलेलं आहे. तिच्या सासूबाई, सारजाबाई, दारात बसून गाळणीतून चीक गाळत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, सडपातळ, पायात चप्पल असली तरी नसल्यासारखं चालणाऱ्या. मी त्यांना वर्षानुवर्षं पाहत होते. जेवून जा, यापलीकडे त्या माझ्याशी कधी काही बोललेल्या मला आठवत नाहीत. मी दिपालीला फोनवर जुन्या पुस्तिकेतलं बिल्ल्याचं चित्र दाखवत माझं रडगाणं गात होते. सारजाबाईंनी मान वाकडी करून फोनकडे पाहिलं आणि असला बिल्ला आमच्या भैरोबाच्या फेट्यात आहे, असं सहज सांगितलं.

मी हसले. देवाने कुठे गोळाफेक केली, असंही काहीतरी बोलून गेले. त्यांनी गाळणी झटकली, चिकाच्या किटलीचं झाकण लावलं आणि किटली माझ्यापुढे सरकवली.

"माझा हाय त्यो, बाई," त्या म्हणाल्या.

दिपाली त्या घरात सून होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिने हे प्रथमच ऐकलं. मी तर किटली तिथेच ठेवून खाली बसले.

मग सारजाबाईंनी जे सांगितलं ते असं. त्यांचं माहेर वरकुट्याच्या पलीकडची एक वाडी. वडील रामहरी, गावात सगळे त्यांना रामहरीआबा म्हणत. जमीन होती, पण पाणी नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा सारजा पंधरा वर्षांची असेल. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळी वाडी तिथे लागली. बाप्ये खोदायचे, बाया पाट्या वाहायच्या. खालून बांधावर, बांधावरून खाली. सारजा भरली पाटी घेऊन चढ पळत चढायची. कारण विचारलं तर म्हणाल्या, हळू चाललं की मान जास्त दुखायची.

इंदापूरकडचे एक जाचक गुरुजी होते, खेळाचे. त्यांच्याकडे या चाचणीचं केंद्र होतं, पण शाळा ओस पडलेली. पोरं सगळी कामावर. दुसरा एखादा असता तर "उमेदवार नाहीत" असं कळवून मोकळा झाला असता. गुरुजींनी टेप, घड्याळ आणि लोखंडी गोळा सायकलला बांधला आणि ते कामावरच आले. दुपारच्या सुट्टीत नव्या बांधाच्या माथ्यावर त्यांनी चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. लोकांना वाटलं, सरकार आता बांधाची लांबी मोजून मजुरी कापणार. गुरुजींना अर्धी सुट्टी फक्त एवढं समजावण्यात घालवावी लागली.

पोरं पळाली. मग गुरुजींनी विचारलं, पोरींपैकी कोणी? पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. सारजाने परकराचा काचा मारला आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. पळाली, उडी मारली, गोळा फेकला. गोळा पाटीतली माती भिरकावावी तसा फेकला, आणि गुरुजींनी टेप दोनदा लावून पाहिला. त्यांनी नाव लिहून घेतलं, दिल्लीहून बिल्ला येईल असं सांगितलं आणि गोळा सायकलला बांधून निघून गेले. दिल्ली कुठे आहे हे सारजाला माहीत नव्हतं, पण ती वाट पाहू लागली. पुढे कितीतरी दिवस सायकलची घंटा ऐकली की पाटी डोक्यावर ठेवून ती वळून बघायची.

बिल्ला आला तेव्हा ती वाडीत नव्हती. दरम्यान माळेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे उसाच्या मोळ्या जिथे यंत्रात पडतात तिथे कामाला. घरी बैलगाडी, म्हशी. दुष्काळातल्या पोरीला याहून चांगलं ते काय मिळणार? लग्न लागलं, ती माळेगावला आली. पुढच्या चैत्रात यात्रेला माहेरी गेली आणि पोरीबाळींबरोबर भैरोबाच्या दर्शनाला रांगेत उभी राहिली. देवाला यात्रेचा पोशाख होता. लाल फेटा, आणि फेट्यावर समोरच एक बिल्ला. तीन तारे. गुरुजींनी कामावर कागदातलं चित्र दाखवलं होतं, त्यामुळे तिने तो ओळखला.

घरी येऊन तिने वडिलांना विचारलं. रामहरीआबांनी आधी दार लोटून घेतलं. बिल्ला आला होता हे खरं. पण नवं स्थळ, सासू दगडाबाई कडक म्हणून चार गावांत नाव. आपली सून चारचौघांत काचा मारून पळाली हे तिला कळलं तर पोरगी परत पाठवील, अशी त्यांना धास्ती. घरात ठेवावा तर कोणाच्या तरी हाती लागणार. टाकावा तर हात होत नव्हता. म्हणून त्यांनी तो देवापुढे ठेवला. गुरवाने विचारलं कुणाचा, तर म्हणाले, ओळखीतला एक जवान होता, त्याचा. गुरवाने तो फेट्याला लावला. आणि देवाला वाहिलेलं माघारी घेत नाहीत, हे तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आबांनी मुलीला बजावलं, यावर बोलायचं नाही.

ती बोलली नाही. वडील होते तोवर नाही, गेल्यावरही नाही. दर यात्रेला जायची, रांगेत उभी राहायची, देवाच्या आधी बिल्ला बघायची आणि पुढे सरकायची. तिने तो आजवर हातात धरलेला नव्हता.

मला राग आला. तो मी तिथेच बोलून दाखवला, कारण राग गिळायची मला सवय नाही. बापाने मुलीचं बक्षीस लपवायचं आणि वर देवाच्या नावावर खपवायचं, हे कसलं प्रेम, असं मी म्हणाले. सारजाबाई शांतपणे म्हणाल्या की आबा दर यात्रेला देवापुढे सगळ्यात जास्त वेळ उभे राहायचे. लोक म्हणायचे, रामहरीआबांची भक्ती मोठी. त्यांची नजर कुठे असायची ते फक्त तिला माहीत होतं.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या दगडाबाईंच्या धाकाने हे सगळं झालं, त्यांचं काय झालं ते ऐका. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी ऊस घेऊन त्यांची बैलगाडी कारखान्याकडे चालली होती. वर मोळ्यांवर दगडाबाई, मागून विळा घेऊन सारजा. समोरून ट्रॅक्टरने हॉर्न दिला, बैल बुजले आणि गाडी घेऊन उधळले. सारजाने विळा टाकला, लुगडं खोचलं आणि पळाली. गाडीला मागे टाकून पुढे गेली, बैलाची वेसण धरली आणि कॅनॉलच्या अलीकडे गाडी उभी केली. दगडाबाई खाली उतरल्या, श्वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, कुठे शिकलीस असं पळायला? ती म्हणाली, दुष्काळी कामावर. त्यानंतर दगडाबाई मरेपर्यंत जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगायच्या, माझी सून बैलाच्या म्होरं पळती म्हणून. बिल्ला घरी आला असता तर त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला असता. हे सांगताना सारजाबाईंचे डोळे भरून आले. आबांना उगीच भीती वाटली, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी म्हटलं, झालं, मला माझा माणूस मिळाला. मी लिहिते. तेव्हा त्यांनी खरी गोष्ट काढली, जी त्यांना गेले आठ दिवस छळत होती. वाडीतलं देऊळ नवीन बांधलं जात होतं. समितीचा मुख्य त्यांचा भाचा, विजयसिंह. डाळिंबात चांगला पैसा केलेला, कामाचा माणूस. त्याचा आत्याला फोन आला होता. नव्या देवळात देवाला चांदीचा टोप करायचा, मग फेटा राहणार नाही. जुना बिल्ला काचेच्या पेटीत घालून सभामंडपाच्या भिंतीत बसवायचा आणि खाली काळ्या दगडात अक्षरं कोरायची: "देशासाठी लढलेल्या जवानाचे पदक". रविवारी बैठकीत मजकूर नक्की होणार होता. आत्याने यावं, कारण बिल्ला आजोबांनी वाहिलेला. घराण्याचा मान आहे.

दिपाली म्हणाली, आई, आताच फोन करून सांगा. सारजाबाई मान हलवत राहिल्या.

"मग बाप खोटा ठरतो की गं."

सांगितलं तर सगळ्या गावात मेलेला बाप खोटारडा. नाही सांगितलं तर आपला बिल्ला कायमचा दुसऱ्याच्या नावावर, तोही दगडात. मी त्यांना पुष्कळ समजावलं. योजनेचा इतिहास सांगितला, तीन तारे मिळवणं किती अवघड होतं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि म्हशीला वैरण टाकत होत्या. शेवटी मी चिकाची किटली उचलली आणि घरी आले. त्या दिवशीचा खरवस मला गोड लागला नाही.

रविवारी सकाळी दिपालीचा फोन आला. सारजाबाई ठेवणीतलं इरकल नेसून दारात उभ्या होत्या आणि बाईंना पण बोलाव म्हणत होत्या. मी माझी गाडी घेऊन गेले. इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकीला ओलांडावं तर पुढे दुसरी. मी वैतागून हॉर्न वाजवत होते. मागच्या सीटवरून सारजाबाई म्हणाल्या की तोंडाने सांगितलेलं खोटं आबांबरोबर गेलं असतं. दगडावरचं आता लेकरंबाळं वाचणार.

नव्या देवळाचा स्लॅब टाकून झाला होता आणि देवाला शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. बैठक तिथेच होती. पुढे सतरंजीवर पुरुष मंडळी, मागे बाया. विजयसिंहने आत्याच्या पाया पडून आम्हां तिघींना पुढे खुर्च्या दिल्या. मला मॅडम, चहा घेता का, असं विचारलं. मी नको म्हणायच्या आत चहा आला. म्हातारे गुरव, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, देवाशेजारी बसले होते. फेट्यावर बिल्ला होता. तेलाने आणि गुलालाने काळवंडलेला, अक्षरं झिजून गेलेली, पण तीन तारे स्पष्ट. मी इतिहासाच्या शोधात कुठे कुठे फिरले होते आणि इतिहास इथे देवाच्या कपाळावर बसला होता.

विजयसिंहने मजकूर वाचून दाखवला. एकाने सुचवलं की "शूर जवानाचे" करा. दुसऱ्याने विचारलं, लढाई कुठली ते घालायचं का. पासष्टची की एकाहत्तरची यावर चर्चा सुरू झाली आणि ती बरीच रंगली. ज्या लढाईत कोणी गेलंच नव्हतं तिच्यावर दोन तट पडले. मी खुर्चीच्या काठावर आले होते. दिपालीने माझा हात दाबून ठेवला होता.

सारजाबाई उठल्या. त्यांचा आवाज लहान होता, पण शेडमध्ये नीट ऐकू गेला.

"लढाई न्हाय झाली. म्या पळाले हुते. तळ्याच्या कामावर. त्यो बिल्ला माझा हाय."

विजयसिंह गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी फोनवरचं चित्र पुढे केलं. चित्र हातोहात फिरलं, आणि ज्याने त्याने ते पाहून देवाच्या फेट्याकडे पाहिलं. बिल्ला तोच होता हे सगळ्यांनी मान्य केलं. पण तो सारजाबाईंचाच कशावरून, असं पुढे बसलेल्या एकाने विचारलं. त्याच्या सुरात वाईट काही नव्हतं, आणि प्रश्न बरोबर होता. जाचक गुरुजी कधीच वारलेले.

मागून बायांतून कोणीतरी खदखदून हसलं. शकुबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की हिने परकराचा काचा मारला तेव्हा हिची पाटी मीच धरली होती. त्यांच्या शेजारची म्हणाली, मीही होते. तिसरी म्हणाली, फेकलेला गोळा माझ्या पायाशी आला होता, अंगठा थोडक्यात वाचला. मला आपलं वाटत होतं की हे गुपित सारजाबाईंनी एकटीने सांभाळलं. ते त्या कामावरच्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. तिला पळताना तेव्हाच्या बाप्यांनीही पाहिलं होतं, पण फेट्यातला बिल्ला त्याच पळण्याचा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. रामहरीआबांनी घरोघर जाऊन हात जोडले होते, पोरीचं घर मोडेल, बोलू नका. त्या बोलल्या नाहीत. सगळ्या दर यात्रेला बिल्ल्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या आणि पुरुष लोक जवानाला नमस्कार करत होते.

विजयसिंहचा चेहरा उतरला. तो आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याने हळू आवाजात विचारलं, म्हणजे आबा खोटं बोलले का? सारजाबाईंनी याच प्रश्नाला आठ दिवस भिऊन काढले होते. त्यांनी देवाकडे बघितलं.

"व्हय, बोलले. भ्याले हुते माझ्यापायी. पर टाकला न्हाय त्यांनी. गावात सगळ्यात उंच जागा कुठली, तितं नेऊन ठिवला."

विजयसिंहने टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. मग त्याने गुरवांना बिल्ला उतरवायला सांगितलं. तात्या जागचे हलले नाहीत. देवाचं देवाला, असा त्यांचा आयुष्यभराचा नेम. वाहिलेलं माघारी काढलं तर उद्या कोणीही येईल आणि माझी घंटा द्या, माझी समई द्या म्हणेल. त्यांचंही चुकत नव्हतं. सारजाबाईंनी त्यांना नमस्कार केला. मी हे वाहिलंच नाही, आबांनी वाहिलं, असं त्या म्हणाल्या. ज्याची वस्तू त्याला न विचारता वाहिली तर ती देवाची होते का, एवढंच तात्यांनी सांगावं. तात्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी देवाला हात जोडले, फेट्याची पिन सोडवली, बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि सारजाबाईंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. हलका हाय, असं म्हणाल्या. त्यांचा अंगठा ताऱ्यांवरून फिरत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता पुढे काय होणार हे त्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनी हळद-कुंकवाचं ताम्हण पुढे सरकवलं होतं. आता बाई स्वतःच्या हाताने बिल्ला देवाला वाहणार, विजयसिंह दगडावर आत्याचं नाव कोरणार, सगळं रीतसर. मीही मनात लेखाचा शेवट जुळवला होता. सारजाबाईंनी ताम्हणाकडे पाहिलं. मग मूठ मिटली.

"न्हाय, तात्या. इतकी वर्सं देवानं घातला. आता म्या घालते."

तात्यांचा हात तसाच राहिला. मागे शकुबाई पुन्हा हसल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या बाया. बिल्ल्याची पिन गंजून मोडायला आली होती. दिपालीने स्वतःच्या साडीची पिन काढली आणि सासूच्या पदरावर खांद्याजवळ तो लावून दिला. सारजाबाईंनी देवापुढे डोकं टेकलं. देवाचा फेटा जरा ओकाबोका दिसत होता. दगडावर काय कोरायचं हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

परतताना त्यांनी गाडी तळ्याकडे घ्यायला सांगितली. पाझर तलाव आता अर्धा गाळाने भरलेला, बांधावर बाभळी माजलेल्या. मधून एक पायवाट आहे. सारजाबाई खाली उतरल्या आणि त्या वाटेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. आम्ही मागे. वाटेत काटे होते, मी दोनदा चप्पल झाडली. त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या टोकाला एक सपाट जागा होती. तिथे उभ्या राहून त्यांनी पदरावरचा बिल्ला सरळ केला आणि बोटाने दाखवलं. इथे गुरुजींची शेवटची रेघ होती.

मी विचारलं, त्या वेळी आबा कुठे होते? इतकं सगळं ऐकलं, पण हे विचारायचं राहिलं होतं. आबा तर त्याच कामावर खोदायला होते.

त्या हसल्या. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

"सुट्टी सरली हुती, खाली खोदत हुते की. मला पळताना बघितलं आन् टिकाव टाकून बांधाच्या कडंकडंनं माझ्याबरूबर पळायला लागले. पळ सारजे, पळ, म्हून वरडत. गुरुजीनं घड्याळ बघायच्या आत बानं टोपी वर फेकली हुती. ती प्यायच्या पान्याच्या पिपात पडली. ती आनायला गेले, मग लाजून माझ्याकडं बघितलंच न्हाय त्यांनी."

बाभळीच्या सावलीत आम्ही थोडा वेळ बसलो. दिपालीने डब्यातली भाकरी काढली. सारजाबाईंनी एका हाताने भाकरी खाल्ली, कारण दुसरा हात पदरावर होता.